बारापैकी बारा

फॉर्मबाईंचे गुडघे त्यांच्या आधी बोलायचे. जिना चढताना पहिल्या मजल्यावर उजवा कुरकुरायचा, दुसऱ्यावर डावा त्याची री ओढायचा आणि तिसऱ्यावर दोघं मिळून असा गळा काढायचे, की घंटी वाजायच्या आधीच आतला माणूस विचारायचा, "कोण आहे?" सोळा वर्षं बाईंनी लोकांच्या दारात उभं राहून कंपनीचे फॉर्म भरले होते. कोणता साबण वापरता, का वापरता, फेस पुरेसा येतो का. ब्रशवर पेस्ट किती घेता. टीव्ही पाहता पाहता घरात पहिलं कोण घोरतं. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. नवरासुद्धा चारचौघांत 'आमच्या फॉर्मबाई' म्हणायचा. तो गॅरेजात गाड्यांखाली उताणा पडून काम करायचा. "मी निजून कमावतो, तू उभ्यानं," तो म्हणायचा. "शहाणं कोण, तूच सांग."

बाई शहाण्या नव्हत्याच. त्या फॉर्म खरे भरायच्या. त्या धंद्यात हा शुद्ध वेडेपणा. बाकीच्या बाया चहाच्या दुकानात पंख्याखाली बसायच्या. एकीनं मतं सुचवायची, दुसरीनं खुणा करायच्या, की जेवणाच्या आत पन्नास घरं पायाखालून गेलेली. फॉर्मबाई मात्र दार वाजवायच्या, प्रश्न पूर्ण वाचायच्या आणि माणूस जे काही बरळेल ते आधी कच्च्या वहीत जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. हे काही लोकांवरच्या मायेपोटी नव्हतं बरं का. लोकांविषयी बाईंचं मत फार वाईट होतं. सोळा वर्षं माणसांचं ऐकून घेतल्यावर चांगलं राहणार तरी कसं? पण सुतार लाकडाला शिव्या घालतो म्हणून रंधा वाकडा मारत नाही, तसं ते होतं.

अशात कंपनीला मोठं काम मिळालं. साहेबांनी सगळ्या बायांना बोलावलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "या वेळी साबण नाही. या वेळी देश."

फॉर्मवर एकच प्रश्न होता. देशाचा कारभार भांडवलशाहीनं चालावा की समाजवादानं? खाली पाच चौकोन: पूर्ण भांडवलशाही, बरीचशी भांडवलशाही, दोन्ही सारखं, बराचसा समाजवाद, पूर्ण समाजवाद. त्याखाली शेऱ्यासाठी दोन ओळी.

"साहेब, लोकांना कळेल का हे?" बाईंनी विचारलं.

"कळायची अट नाही. उत्तर द्यायची आहे."

मग बाकीच्या गेल्यावर साहेबांनी बाईंना थांबवून घेतलं. तळमजल्यावरचं टेबल पुढच्या महिन्यात रिकामं होत होतं. आलेले फॉर्म मोजायचे, गठ्ठे बांधायचे, कंपनीकडे वापरून बघायला येणाऱ्या साबण-शांपूच्या पुड्या वाटायच्या, एवढंच काम. खुर्चीला चाकं. दारापर्यंत जायलासुद्धा उठावं लागणार नाही. आणि डॉक्टरांनी तर बाईंना बजावलंच होतं, "जिने तुम्ही बंद करा, नाहीतर तुमचे गुडघे करतील." टेबल मिळालं तर नोकरी राहणार होती, नाहीतर वर्षाच्या आत घरी बसायची पाळी.

"या कामाची तपासणी चांगली निघाली, की टेबल तुमचं," साहेब म्हणाले.

तपासणी म्हणजे असं, की तीन आठवड्यांनी मुख्य कचेरीतून एक परका माणूस येणार, बाईंच्या फॉर्ममधली कोणतीही बारा घरं निवडणार आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणार. चांगली निघाली म्हणजे काय, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? दोन्ही वेळचं उत्तर जुळलं, म्हणजे चांगली. सरळ माणसाला सगळं सरळच दिसतं, हा त्याच्या डोळ्यांचा दोष.

गुडघ्यांची दया येऊन बाईंनी आपलीच गल्ली घेतली. तीन-तीन मजल्यांच्या समोरासमोर इमारती, लिफ्ट कुठंच नाही. पण त्यातला एक घरचाच जिना, तो तर रोज चढायचाच होता.

पहिल्या मजल्यावर पेन्शनकाका. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेले. बाईंनी प्रश्न वाचला आणि काका खुर्चीत ताठ झाले.

"पूर्ण भांडवलशाही! लिही. सरकारच्या हातात काही म्हणजे काही देऊ नये. सरकार म्हणजे आळशांचा अड्डा."

"काका, तुम्ही तिथंच होतात ना?"

"म्हणून तर सांगतो! आतून पाहिलंय मी. अकराला यायचं, पाचला जायचं."

"तुम्ही कितीला जायचा?"

"मी? साडेचारला. मला बस पकडायची असायची."

बाईंनी लिहून घेतलं. बसचंसुद्धा.

खाली कोपऱ्यावर दुकानदारभाऊ. तो वजनकाट्यावर एक बोट ठेवूनच बोलायचा. सवयच होती त्याला. "ताई, पूर्ण भांडवलशाही. ज्याच्यात दम आहे तो टिकेल, नाही तो जाईल. स्पर्धा पाहिजे, स्पर्धा! माणूस घासल्याशिवाय चमकत नाही." मग आवाज उतरवून, "फक्त दुकानाचं भाडं तेवढं सरकारनं बांधून द्यावं. आमचा घरमालक तोंडाला येईल ते मागतो. काही लाज आहे की नाही माणसाला?"

समोरच्या इमारतीत ड्रायव्हर. दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा. त्यानं दारातच मूठ आपटली. "पूर्ण समाजवाद, ताई. मालक घरी पंख्याखाली लोळतो आणि मी दिवसभर चाक फिरवतो. चाक फिरवील त्याची गाडी! हे असंच्या असं लिहा."

आणि त्याच्या वरच्या मजल्यावर शिंपीणवहिनी. घरातच दोन मशीन टाकलेली, हाताखाली दोन मुली. वहिनींनी दातात टाचणी धरून उत्तर दिलं, "बराचसा समाजवाद. सगळ्यांना सारखं मिळावं."

"म्हणजे या दोघींना तुमच्याएवढं?"

टाचणी बाहेर आली. "अहो ताई, वरच्यांचं आमच्यापर्यंत यावं, असं म्हटलं मी. माझं खाली जावं, असं कुठं म्हटलं?"

सगळी गल्ली अशीच. विकत घ्यायचं ते सरकारनं स्वस्त द्यावं आणि आपण विकायचं त्याच्या भावात कुणी नाक खुपसू नये. बाई घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून नवऱ्याला म्हणाल्या, "यांना मत नाही हो. मतलब आहे नुसता."

"आणि तुझं मत काय?"

"माझं मत असं, की टेबल तळमजल्यावर असावं."

फॉर्म गेले. तीन आठवडे म्हणजे काही फार दिवस नव्हेत. तेवढ्यात माणसाचे केससुद्धा धड वाढत नाहीत. पण त्या तीन आठवड्यांत कोपऱ्यापलीकडे काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं एक मोठं दुकान उघडलं. पेन्शनचा निधी खासगी कंपनीच्या ताब्यात जाणार, अशी बातमी छापून आली. ड्रायव्हरनं सासऱ्याच्या मदतीनं स्वतःची टॅक्सी घेतली आणि दुपारच्या पाळीला एक माणूस ठेवला. आणि शिंपीणवहिनींच्या दोन्ही मुलींनी एका सकाळी मशीनवरचे पाय उचलून सांगितलं, पगार वाढवा.

तपासणीच्या चार दिवस आधी बाई तेल आणायला गेल्या. दुकानदारभाऊ बोट काट्यावर न ठेवता नुसताच बसला होता, यावरूनच त्यांना शंका यायला हवी होती.

"ताई, सरकार झोपलंय का हो? ही मोठी धेंडं येऊन गरिबाच्या पोटावर पाय देतात. कायद्यानं बंद करायला पाहिजेत. सगळी दुकानं सरकारनं ताब्यात घ्यावीत!"

"तुमचंही?"

"माझं लहान आहे. मोठी घ्यावीत."

बाई तेल न घेताच निघाल्या. त्या तशाच काकांकडे गेल्या. काका म्हणत होते, की पेन्शन ही जनतेची ठेव आहे आणि खासगी माणूस म्हणजे कुंपणाशिवायचा बैल. ड्रायव्हर म्हणाला, "जोखीम माझी तर गाडी माझी. तो दुपारचा लेकाचा नुसता चाक फिरवतो, त्यात काय मोठं?" वहिनी म्हणाल्या, "सारखं, सारखं करून पोरी डोक्यावर बसतात. ज्याची लायकी त्याला तेवढं."

सगळी गल्ली कूस बदलून झोपलेली. परका माणूस येणार, विचारणार आणि बारांतले निम्मे उलटे निघणार. मग साहेब म्हणणार, बाईंनी घरी बसून भरले. सोळा वर्षं खरेपणानं जिने चढून शेवटी चहाच्या दुकानातल्या बायांच्या पंगतीत.

त्या संध्याकाळी बाई कच्ची वही घेऊन दारोदार फिरल्या. फार काही मागत नव्हत्या. "मागच्या वेळी सांगितलं तेच फक्त पुन्हा सांगा. दोन मिनिटांचं काम."

आणि गंमत बघा, प्रत्येकाला एकाएकी तत्त्वं फुटली.

"खोटं कसं बोलू, ताई?" दुकानदारभाऊ म्हणाला. हाच माणूस तांदळात तांदूळ मिसळून वरच्या जातीचा म्हणून विकायचा.

"देशाचा प्रश्न आहे, अगं," पेन्शनकाका म्हणाले. "इथं विवेकाला स्मरून बोलावं लागतं."

शेवटी नवऱ्यानंच मार्ग काढला. त्यानं जिन्यातल्या मधल्या वळणावर सगळ्यांना गोळा केलं आणि गाडीचं बॉनेट उघडावं तसं प्रकरण उघडं केलं. "हे बघा, टेबल हिला मिळालं, तर साबण-शांपूच्या फुकट पुड्या कोण वाटणार? ही वाटणार."

विवेक तिथल्या तिथे थंड झाला. आता प्रश्न एवढाच उरला, की पुड्या कशा वाटायच्या.

"सगळ्यांना सारख्या," दुकानदारभाऊ म्हणाला.

"सारख्या का म्हणून?" ड्रायव्हर. "कामाप्रमाणे द्या. माझं उत्तर सगळ्यांत लांब आहे. पाठ मला करायचंय."

"वयाप्रमाणे," काका म्हणाले.

"वयाप्रमाणे शांपू? काका, डोक्यावर हात फिरवून बघा एकदा," मागून कुणीतरी म्हणालं.

"माणसांप्रमाणे," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे सहा डोकी."

"चार!" ड्रायव्हर ओरडला. "शिवायला येणाऱ्या दोघी कधीपासून तुमच्या घरातल्या झाल्या?"

"शांपूपुरत्या."

तासभर हे चाललं. अजून न मिळालेल्या टेबलाच्या, अजून न आलेल्या पुड्यांवरून लोक एकमेकांच्या बापाचा उद्धार करत होते. बाई कठड्याला टेकून बघत राहिल्या. फॉर्मवरचे पाचही चौकोन पायऱ्यांवर उभे राहून भांडताहेत, असं त्यांना वाटलं. त्यांना थुंकावंसं वाटलं. पण जिना त्यांनाच झाडावा लागला असता. तो आठवडा त्यांचा होता.

अखेर एकमत झालं: पुड्यांचं नंतर बघू, आधी उत्तरं. बाईंनी कच्च्या वहीतून प्रत्येकाचं बोलणं चिठ्ठीवर उतरवून दिलं, अगदी शेऱ्यासकट. कोणती बारा घरं निघतील ते माहीत नव्हतं, म्हणून गल्लीत फॉर्म भरलेल्या चाळीसही घरांना.

तपासनीस आला तो एक काटकुळा तरुण होता, हातात टॅब, चेहऱ्यावर काहीच नाही. नियमाप्रमाणे बाईंना दोन जिने लांब उभं राहायचं होतं, पण गल्लीत आवाज काय लपतात?

पेन्शनकाका चष्मा लावून, पाठ ताठ करून म्हणाले, "पूर्ण भांडवलशाही. सरकार म्हणजे आळशांचा अड्डा. अकराला यायचं, पाचला जायचं. मी साडेचारला जायचो, मला बस पकडायची असायची." तपासनिसानं बसबद्दल काही विचारलंच नव्हतं.

दुकानदारभाऊनं आदल्याच दिवशी दुकानावर हातभर फलक लावला होता: 'मोठं दुकान हटवा, गरीब वाचवा.' त्याच फलकाखाली उभा राहून तो गरजला, "स्पर्धा पाहिजे, स्पर्धा! माणूस घासल्याशिवाय चमकत नाही." तपासनिसानं एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि टॅबवर बोट टेकवलं.

ड्रायव्हरचं तर काही विचारूच नका. "चाक फिरवील त्याची गाडी!" तो दारात मूठ आपटून म्हणत होता, आणि मागे त्याचा दुपारचा माणूस किल्लीसाठी हात पुढं करून उभा. त्या बिचाऱ्यानं क्षणभर ड्रायव्हरच्या हातातल्या किल्लीकडे फार निराळ्या नजरेनं पाहिलं. ड्रायव्हरनं तपासनिसाची नजर चुकवून त्याला डोळे वटारून दाखवले.

शिंपीणवहिनींनी तर टाचणीसुद्धा त्याच जागी दातात धरली.

संध्याकाळी सगळी गल्ली खूश. बारा घरं निघाली, बाराच्या बारा जुळली. लोकांनी बाईंना जिन्यात गाठून पाठ थोपटली आणि लगेच विचारलं, शांपू कोणत्या कंपनीचा?

सोमवारी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. टेबलावर कागद होता. "बारापैकी बारा," ते म्हणाले.

बाई हसल्या. सोळा वर्षांत त्या कचेरीत पहिल्यांदा.

"हसू नका," साहेब म्हणाले. "सात जुळतात, बाई. फार झालं तर आठ. माणूस आहे तो, भिंत नव्हे. तीन आठवड्यांत कुणाची बायको भांडते, कुणाचा भाव पडतो, चार-पाच जण फिरतातच फिरतात. तेवढे फिरले, की आम्ही समजतो, बाई खरंच दारात गेली होती. बारापैकी बारा कुठं जुळतात? जिथं सगळं एकाच हातानं लिहिलेलं असतं तिथं. आणि शेरासुद्धा शब्दाला शब्द! बस काय, चाक काय!"

बाईंनी सगळं खरं सांगून टाकलं. कोण फिरलं, कधी फिरलं, का फिरलं. काचेचं दुकान, पेन्शनची बातमी, टॅक्सी, मुलींचा पगार. मोजून सांगितलं, "पाच फिरले होते, साहेब. सात तसेच होते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "सात? अहो, मग गप्प का नाही बसलात? तेवढेच तर हवे होते!"

साहेबांनी पेन उघडलं.

"आता माझ्या हातात काही नाही. वर आकडा गेलाय, कारण लिहायचं उरलंय. गल्ली पढवली म्हणून लिहू, की फॉर्म खोटे म्हणून लिहू, एवढंच विचारायचंय तुम्हाला."

टेबल दुसऱ्या बाईला गेलं. चहाच्या दुकानातल्या त्या बाईला, जी मतं सुचवायची. तिची तपासणी बारापैकी सात निघाली होती. चाकांच्या खुर्चीत तिनं पहिल्याच दिवशी एक चक्कर मारून बघितली म्हणे.

बाई त्या दिवशी घरी परतल्या, तेव्हा प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं झालं. त्यांनी सांगितलं ते ऐकून गल्लीला वाईट वाटलं, म्हणजे पुड्यांचं.

"खासगी कंपन्या अशाच," पेन्शनकाका म्हणाले. "सरकारी नोकरी असती, तर कुणाची हिंमत झाली असती?"

"आम्ही आमचं काम चोख केलं बरं का, ताई," दुकानदारभाऊ म्हणाला. "चूक तुमचीच. आधी विचारून नाही का घ्यायचं, किती जुळायला पाहिजेत ते?"

त्यात तो चुकून खरं बोलला होता.

पुढे त्या पाहणीचे आकडे छापून आले. 'जनतेचा कौल' असं वर मोठ्या अक्षरांत होतं. टीव्हीवर चार विद्वान त्यावर तासभर भांडले. एक म्हणाला लोक शहाणे झाले, दुसरा म्हणाला लोक भुलले. काकांनी बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "लोकांना काही कळत नाही."

कंपनीनं बाईंना काढून टाकलं नाही. शिक्षा म्हणून पाण्याच्या टाकीमागची चढावरची वसाहत दिली. आठ इमारती, चार-चार मजले. पहिल्या दिवशी बाई पहिल्या इमारतीच्या तळाशी उभ्या राहिल्या, वर जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. मांडीवर गठ्ठा घेतला. मग मान वर करून गॅलऱ्या न्याहाळू लागल्या. दोरीवर एकच गणवेश वाळतोय: पूर्ण समाजवाद. दाराला नवी लोखंडी जाळी, जाळीवर कॅमेरा: पूर्ण भांडवलशाही. जाळी आहे आणि गणवेशही आहे: बरीचशी भांडवलशाही, हप्ते फिटेपर्यंत. शेरेही त्याच लिहायच्या आणि खऱ्या माणसांपेक्षा बरे लिहायच्या, कारण त्यांच्या मनातली माणसं एकाच वाक्यात दोन टोकांचं बोलत नसत. दीड तासात एक इमारत. पायरीवर वारा चांगला होता. गुडघे महिन्याभरात बोलायचे थांबले.

त्यांची पुढची तपासणी बारापैकी सात निघाली. त्याच्या पुढची आठ.

"आता हात बसला तुमचा, बाई," साहेब कौतुकानं म्हणाले. "टेबलावरच्या बाईंचं लग्न ठरलंय. या वेळी तुमचंच नाव सुचवतो."

"नको, साहेब," फॉर्मबाई म्हणाल्या. "मला आपलं दारोदार फिरायचं कामच बरं."